पोर्टफोलिओ घेऊन देहूरोडला

पोर्टफोलिओ हा शब्द मी बी.कॉम.ला शिकलो. शेअर्स, डिबेंचर्स, थोडी मुदत ठेव असे सगळे मिळून पोर्टफोलिओ, असे सरांनी सांगितले होते. आमच्या घरात त्यातले काहीच नसल्यामुळे परीक्षा झाली आणि शब्द विसरलो. गेल्या वर्षी धाकट्या भावाची मुलगी म्हणाली, "मोठे बाबा, मला पोर्टफोलिओ करायचाय." मी कारकुनी बुद्धीने जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका फोल्डरमध्ये क्रमाने लावून तिच्या हातात दिल्या. पोरगी पोट धरून हसली.

वाचकहो, ती डिझाइनच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथे पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या निवडक कामांची वही. नुसते शेवटचे चित्र त्यात चालत नाही. ते कसे सुचले, किती वेळा खोडले, कच्ची रेखाटने कशी होती, हेही दाखवावे लागते. मुले ती वही एकमेकांना, सरांना दाखवतात, बोलणी खातात आणि पुन्हा काढायला बसतात. काम देणारा माणूस आधी वही पाहतो, मग मार्क.

हिच्या वहीत कॉफीच्या दुकानाचे बोधचिन्ह होते, अत्तराच्या बाटलीचे खोके होते. आमच्या वस्तीत अत्तर कोण लावतो? सरांनी वही चाळली आणि विचारले, "यात तू राहतेस ती जागा कुठे आहे?" त्यावर तिने नवे काम घेतले. प्रेस मशीनवर काम करणाऱ्यांसाठी सुरक्षेचे चित्रफलक करायचे, एकही अक्षर न वापरता. आपल्या पट्ट्यात मराठवाड्यातून आलेला माणूस आहे, बिहारचा आहे, ओडिशाचा आहे. इंग्रजी पाटी त्यातले किती जण वाचणार?

अडचण एकच होती. तिला बापाचा हात काढायचा होता. माझ्या भावाच्या उजव्या हाताची तर्जनी बऱ्याच वर्षांपूर्वी एका लहान वर्कशॉपमध्ये प्रेसखाली दोन पेरांनी गेली. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो हात खिशात असतो. तो म्हणाला, "माझं बोट कुणाला दाखवायचं नाही." विषय तिथेच थांबला.

म्हणून एका रविवारी मीच दोघांना बाहेर काढले. पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापासून निघालो. जुना मुंबई-पुणे रस्ता, महापालिकेची इमारत, डोक्यावरून मेट्रो. ही मेट्रो 6 मार्च 2022 ला आधी फुगेवाडीपर्यंत सुरू झाली, सप्टेंबर 2024 पासून थेट स्वारगेटला जाते. मी असली माहिती देत होतो आणि पोरगी फूटपाथवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांची चित्रे काढत होती. रविवारीसुद्धा कितीतरी पाय सेफ्टी शूजमध्ये होते! मी या चौकातून इतकी वर्षे जातो, मला ते कधी दिसले नव्हते.

पुढे कॅम्पात गेलो. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांची इथे वसाहत झाली, त्यातून ही बाजारपेठ उभी राहिली. आमच्या लहानपणी दुकानांच्या पाट्या आणि जयंतीचे फलक पेंटर हाताने रंगवायचे. आता सगळे फ्लेक्स. मला ते फ्लेक्स आवडत नाहीत. बाबासाहेब कोपऱ्यात लहान आणि शुभेच्छुक मोठे, हे डिझाइन कोणत्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे.

पिंपरी स्टेशनवर लोणावळा लोकल मिळाली. चिंचवड, आकुर्डी, मग देहूरोड. आपण या पट्ट्याला कारखान्यांचा पट्टा म्हणतो, पण इथे जे जे बनते ते आधी कुणीतरी कागदावर काढलेले असते. टेल्कोच्या माणसांनी इथे इंडिका बनवली, ती 1998 साली लोकांसमोर आली. तिच्या रूपावर इटलीतल्या ट्युरिन शहरातली आयडिया ही संस्था टेल्कोबरोबर काम करत होती. पत्रा आपल्या माणसांनी वाकवला. पेन्सिल मात्र आपल्या वस्तीपर्यंत पोचली नाही. मुंबईचे जे.जे. 1857 चे, अहमदाबादची एन.आय.डी. 1961 ची, पवईच्या आय.आय.टी.तले डिझाइनचे केंद्र 1969 चे. एन.आय.डी. आणि आय.आय.टी.त अनुसूचित जातींसाठी राखीव जागाही आहेत. आमच्या घरात दहावीनंतर यातले एकही नाव कुणी उच्चारले नव्हते.

गाडीत पोरीने पिशवीतून 'भीमायन' काढले. 2011 साली आलेले हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने चितारले आहे. त्यात चौकटीत कोंबलेली चित्रे नाहीत. प्रेमळ बोलणे पाखराच्या आकारात लिहिले आहे आणि जातीचे विखारी बोलणे असेल तिथे त्या आकाराला विंचवाची नांगी आहे. भावाने ते पान बराच वेळ पाहिले. म्हणाला, "हे वाचायला यावं लागत नाही."

देहूरोडला विहारात गेलो. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी स्वतः इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती त्यांनी रंगूनहून आणली होती. वंदना घेऊन बाहेर सावलीत बसलो. पोरीने वही उघडली आणि प्रेस मशीनचे कच्चे चित्र पुरे करू लागली. हात तिने आपल्याच डाव्या हाताकडे पाहून काढला होता. बारीक, पोरीचा हात.

भाऊ शेजारी बसून पाहत होता. बऱ्याच वेळाने त्याने खिशातला हात काढला आणि वहीच्या शेजारी गुडघ्यावर पालथा ठेवला. काही बोलला नाही. तीही काही बोलली नाही, पान उलटले आणि काढू लागली. मी डबा उघडायचा होतो, तो तसाच ठेवला.

चित्र झाल्यावर त्याने वही स्वतःकडे ओढली. "मशीन चुकलंय तुझं," म्हणाला. "बटण एकच काढलंस. प्रेसला दोन असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. दोन्ही हात बटणावर असले की बोट आत जाईल कसं?"

"मग तुमचं कसं गेलं, पप्पा?"

"माल जास्त निघावा म्हणून एक बटण टेपनं बांधलेलं होतं." त्याने पेन्सिल मागितली. डावीकडे दुसरे बटण काढले आणि त्यावर टेपच्या दोन आडव्या रेघा मारल्या. "हे दाखव. हे बघून कामगाराला लगेच कळेल."