मानपाड्याचं ऊन आणि गाडीतला फ्रीज

मानपाडे दोन आहेत, हे गाडी ठरवतानाच सांगायला हवं होतं. एक ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा. दुसरा आमचा, डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. सकाळी आठला यायची गाडी तिकडच्या मानपाड्याला पुलाजवळ उभी, आणि आम्ही इकडे सामानाच्या ढिगावर बसलेलो! ती आमच्या फाटकाशी आली तेव्हा बारा वाजून गेले होते.

गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. झोपायच्या फळ्या, ओटा, नळ आणि ओट्याखाली छोटासा फ्रीज. भंडारदऱ्याला चार दिवस असं राहायचं म्हणून मुलं खूश. माझा जीव मात्र त्या फ्रीजमध्ये अडकलेला. सासूबाईंना दोन वेळा इन्सुलिन लागतं. चालू बाटली संपत आली होती, आणि न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांतच ठेवायच्या असतात. तापल्या तर औषधाचा गुण जातो, गोठल्या तर फेकूनच द्याव्या लागतात.

फ्रीज उघडला तर आत उबारा! "चालू आहे की ताई, आवाज ऐका," ड्रायव्हरदादा म्हणाले. आवाज होता खरा, घरघर चालली होती. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून आत ठेवला. काही वेळानं पाहिलं तर २४ अंश.

"मग मी राहते हो घरीच," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणाचंच मला वाईट वाटलं. मागच्या दोन्ही सुट्ट्यांत त्या अशाच घरी राहिल्या होत्या.

शेवटी खालच्या दुकानातल्या फ्रीज दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी दार उघडलंच नाही. गाडीच्या बाहेरून, फ्रीजच्या मागच्या जाळीवर हात ठेवला आणि झटक्यानं काढला. "वहिनी, फ्रीज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून मागं टाकतो. टाकायला जागाच नसेल तर तो बिचारा करील काय?"

जाळ्या दोन होत्या. खालचीतून हवा आत यायची आणि तापली की वरचीतून बाहेर जायची. आमच्या खालच्या जाळीवर धुळीचा थर, वरचीच्या आड कुणी गादीची सुरळी कोंबलेली, आणि ती बाजू सकाळपासून उन्हात. मेच्या मध्यात आमच्याकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, पायाखालची सावलीसुद्धा नाहीशी होते. शेजारच्या इमारतीची कुठून मिळणार? अशा वेळी कॉम्प्रेसरला क्षणाची उसंत नसते, फ्रीज गार होत नाही आणि बॅटरी तेवढी उतरते.

गादी काढली, धूळ ब्रशानं झाडली. गाडी वळवून जाळीची बाजू पूर्वेला केली, म्हणजे उतरतं ऊन दुसऱ्या अंगाला जाईल. सोसायटीच्या सेक्रेटरींची मनधरणी करून मीटरच्या खोलीतून वायर ओढली. काकांनी जुन्या कॉम्प्युटरमधला बारका पंखा वरच्या जाळीशी बसवला, गरम हवा बाहेर फेकणारा. (आमचे हे तो उलटा लावायला निघाले होते!)

फ्रीज तासभर रिकामाच चालू दिला. मग घरच्या फ्रीजमध्ये रात्रीपासून गार झालेलं दूध, ताक आणि बर्फाच्या दोन बाटल्या आत ठेवल्या. वन्संनी कोमट वरणाचा डबा हळूच आत सरकवला, तो मी तितक्याच हळूच बाहेर काढला. खच्चून काही भरलं नाही. आतही हवा फिरायला हवी. तीन वाजता पेल्यातलं पाणी १३ अंश, साडेचारला ७, पाचला ५. तेव्हा कुठे इन्सुलिन घरच्या फ्रीजमधून खाली आणलं. स्टीलच्या डबीत, रुमालात गुंडाळून, बर्फाच्या कप्प्यापासून दूर.

निघालो. कोन, पडघा, शहापूर मागं पडलं. कसारा घाट चढून घोटीला उजवीकडे वळेपर्यंत अंधार झाला होता. भंडारदऱ्याला पोचल्यावर आधी थर्मामीटर पाहिला. ६ अंश. सासूबाईंनी इंजेक्शन घेतलं आणि मुलांच्या पंगतीला बसल्या.

एक गंमत सांगायची राहिली. मानपाड्यात त्यांनी माठाला ओलं फडकं गुंडाळलं होतं, पण पाणी काही गार होईना. आमची खाडीकडची हवा दमट, फडकं वाळतच नाही, आणि पाणी उडून गेल्याशिवाय गारवा येत नाही. भंडारदऱ्याला दुसऱ्या दुपारी तेच फडकं दोनदा भिजवावं लागलं आणि माठातलं पाणी दातांना लागलं. "फ्रीजवरही टाकूया का?" ह्यांनी विचारलं. विजेच्या वस्तूवर ओलं फडकं! मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे झाडाखाली पेंगत होतो. सासूबाई उठल्या, जाळीवर हात ठेवून पाहिला आणि ड्रायव्हरदादांना हाक मारली, "अहो, गाडी जरा पलीकडे घ्या. इकडे ऊन यायला लागलंय."