पंकवाल्यांनी नाचायचं नसतं

डिस्को आवडतो, हे आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये कुणी चारचौघांत बोलत नसे. गिटार म्हणजे खरं संगीत आणि ज्यावर नाचता येतं ते वरातीसाठी, असा सरळ हिशोब. ब्लाँडीच्या 'पॅरलल लाइन्स' या अल्बमबद्दल वाचताना कळलं, की १९७८मध्ये न्यूयॉर्कच्या बऱ्याच पंकवाल्यांचा हिशोबही हाच होता.

ब्लाँडी हा सीबीजीबीमध्ये घडलेला बँड. बावरी भागातला हा कळकट क्लब. रमोन्स, टेलिव्हिजन, टॉकिंग हेड्स सगळे तिथलेच. ब्लाँडीच्या डेबी हॅरी आणि ख्रिस स्टाइनकडे १९७५च्या सुमाराचं एक गाणं पडून होतं, बँडमध्ये त्याला नुसतं 'डिस्को साँग' म्हणत. निर्माता माइक चॅपमनने ते पुन्हा हातात घेतलं. त्याखाली रोलँडचं सीआर-७८ हे ड्रम मशीन आलं आणि क्लेम बर्कसारख्या दणादण वाजवणाऱ्या ड्रमरला त्या टिकटिकीला धरून वाजवावं लागलं. हेच 'हार्ट ऑफ ग्लास'.

हेडफोन लावून ऐका. मशीन कुणाचीही पर्वा न करता चाललंय. वर डेबीचा आवाज, प्रेमभंगाबद्दल गातोय पण रडत अजिबात नाही. आणि मधल्या वाद्यांच्या तुकड्यात काही ठिकाणी चारऐवजी सात मात्रा येतात. सात म्हटल्यावर आपल्याला रूपक आठवेल, पण इथे तसा डौल वगैरे काही नाही, सरळ पाय चुकतो. नाचायच्या गाण्यात पाय चुकवणारी जागा ठेवायची! माझ्या मते अल्बममधला सगळ्यात पंक क्षण हाच.

एप्रिल १९७९मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 'विकले गेले' हा शिक्का बसलाच. १२ जुलैला तर शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे एका रेडिओ जॉकीने डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. डिस्को वाढला होता कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलैंगिक लोकांच्या क्लबांत. त्यामुळे त्या रात्री नुसतं एक संगीत नावडत होतं, असं मला वाटत नाही. बेंजो पार्टीपुढे नाचणाऱ्या पोरांकडे बघून आपल्याकडे जी नाकं मुरडली जातात, तीही निव्वळ सुरातालासाठी नसतात.

ब्लाँडीने मात्र बाजू निवडलीच नाही. अल्बममध्ये 'हार्ट ऑफ ग्लास' दहावं आहे. ते संपतं आणि लगेच बडी हॉलीचं पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल सुरू होतं, गिटारी खणखणत, जणू मधे काही झालंच नाही.