झांकलेला थेंब

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत मला अशीच एक ठेच लागली. ती माझ्या शाळूसोबत्यांच्या उपयोगीं पडावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या न्हाणीघरांतील वॉल मिक्सर, म्हणजे गीझरचें गरम व टाकीचें थंड पाणी एकत्र करून शॉवरला देणारा भिंतीवरचा नळ, निकामी झाला होता. बाबांनीं नवा आणून ठेविला व मामांस निरोप धाडला. माझे मामा नळकाम करतात. "ते येईपर्यंत हात लावूं नकोस," असें बाबांनीं बजाविलें होतें. परंतु दहावींतल्या मुलास चार आटे फिरवितां येऊं नयेत काय, असा अभिमान माझ्या मनांत शिरला, आणि घरांत कोणी नाहींसें पाहून मीं पाना हातीं घेतला.

मुख्य कॉक बंद करून जुना नळ काढला. भिंतींत पाण्याचीं दोन तोंडें असतात. डावीकडे गरम, उजवीकडे थंड. त्यांत इंग्रजी 'एस्' अक्षरासारखे वांकडे दोन पितळी तुकडे बसवून त्यांवर मिक्सर चढवावयाचा. तुकडे वांकडे असल्यामुळें ते फिरवून मधलें अंतर जुळवितां येतें. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून मीं ते घट्ट पिळले. पण अंतर जमेना. तेव्हां डावा तुकडा थोडासा उलट फिरविला. मिक्सर चपखल बसला! पाणी सोडलें, शॉवर सुरेख चालला. मात्र डाव्या तुकड्याच्या मुळाशीं एक थेंब दिसला. मीं तो पुसला. तो पुनः आला. शेवटीं तुकड्यावरील चकचकीत गोल झांकणी भिंतीस टेकवून मीं तो दृष्टीआड केला.

रात्रीं बाबांनीं माझी पाठ थोपटली. ती थाप मला गोड लागली नाहीं.

चौथ्या दिवशीं खालच्या मजल्यावरील आजी वर आल्या. "बाळ, आमच्या भिंतीस ओल आली रे, ह्यांच्या तसबिरीस पाणी लागलें," एवढेंच त्या म्हणाल्या. आजोबांस जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. माझ्यानें उभें राहवेना. मीं बाबांपुढें सारें कबूल केलें.

मामा त्याच सायंकाळीं आले. त्यांनीं मला पाना धरावयास लावून समजाविलें, "अरे, नळ बंद असला तरी त्याच्या मागच्या तुकड्यांत पाण्याचा दाब रात्रंदिवस असतो. टेप आट्यांत दाबली जाऊन फट बुजविते; तुकडा उलट फिरविलास कीं ती सैल झालीच. जागा चुकली, तर तुकडा पुरता काढावा, जुनी टेप खरवडावी, आटे ज्या दिशेनें पिळतात त्याच दिशेनें नवी गुंडाळावी, आणि पुढें पिळतांनाच जागेवर थांबावें." मिक्सरच्या नटांस टेप लागत नाहीं, तेथें रबरी वायसर पाणी अडवितो. म्हणून दोन्ही नट आळीपाळीनें, सारखेच आवळावे. जास्त जोर केल्यास वायसर चेपून फाटतो. पूर्वीं आट्यांवर सूत व सफेदा लावीत. १९३८ सालीं रॉय प्लंकेट ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास टेफ्लॉन अकस्मात् सांपडलें, आणि पुढें त्याची टेप नळकामांत आली.

सर्व जोडून झाल्यावर मामांनीं झांकणी भिंतीपासून दूरच ठेविली. सांध्याभोंवतीं कोरडा कागद गुंडाळून आम्हीं तासभर बसलों. कागद कोरडा निघाला, तेव्हांच त्यांनीं ती पुढें सरकविली.

भिंत वाळल्यावर आजींच्या घरीं रंग मीं स्वतः दिला. तसबिरीच्या कडेचा पिवळा डाग मात्र गेला नाहीं. आजी त्याविषयीं कधीं बोलत नाहींत; पण त्यांच्याकडे गेलों कीं माझी दृष्टि आधीं तेथेंच जाते.

'झांकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात खरें. परंतु पाण्यास ती म्हण लागू पडत नाहीं, आणि माझ्या मतें चुकीसही नाहीं. पहिला थेंब दिसतांच मीं तो बाबांस दाखविला असता, तर एका हातभर टेपेवर काम भागलें असतें.