हुरहूर लागते तेव्हा

सासरी निघालेल्या मुलीच्या चित्राने सुरू होणारा तुकारामांचा अभंग पुष्कळांना पाठ असतो, आणि लक्षात राहते ती मुलगीच. मला त्यातलं पुढचं पोर जास्त जवळचं वाटतं, आईपासून चुकलेलं. ते कसं पाहतं हे सांगायला तुकोबांनी ‘हुरूहुरू’ हा शब्द योजला आहे. मुलीला निदान ठाऊक असतं, मागे काय राहिलं आणि पुढे कुठे जायचंय. शेवटी येणारी पाण्याबाहेरची मासोळी तळमळते. तिथे जिवाशीच गाठ. मधल्या पोराला मात्र काय झालंय तेच सांगता येत नाही. रडूही अजून फुटलेलं नसावं. ते नुसतं पाहतं. व्युत्पत्तीवाले काय म्हणायचं ते म्हणोत, पण हुरहूर आधी डोळ्यांत असते आणि मनात नंतर उतरते, असं मला हा अभंग वाचताना दरवेळी वाटतं.

बेचैनीचं आपल्या भाषेत मोठं खटलं आहे. आजारी मावशीला भेटायचं राहून गेलं, त्याची रुखरुख. बस डोळ्यांदेखत सुटली, त्याची चुटपुट. धाकधूक निकालाच्या आदल्या रात्रीची, घालमेलीला किमान दोन वाटा हव्यात, आणि काहूर तर माजतंच. हुरहुरीपाशी सांगण्याजोगं कारणही धड नसतं. ती करावी लागत नाही, लागते. तहान लागावी तशी.

ती कशी लागते ते पाहायचं तर कोकणात गणपती पोचवून आल्यावरचं घर पाहावं. मूर्ती पाण्यात सोडून येताना पाटावर नदीतली वाळू आणतात, रिकाम्या झालेल्या जागी तो पाट ठेवतात आणि पुन्हा आरती म्हणतात. ज्या कोणी ही रीत घातली तो माणूस मोठा जाणता. वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, माटवीला, कवंडळं, सुपारीचं शिपटं, सुकत आलेले आंब्याचे टाळे लोंबतच असतात. बायका भांडी आवरतात, पुरुष सतरंज्या झटकतात, मुंबईकर बॅगा भरायला घेतात. कोणी कोणाला काही बोलत नाही, पण खोलीवरून जाताना प्रत्येकाची मान तिकडे वळते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘बाप्पाला निरोप देताना भक्तांना हुरहूर’ असा मथळा येतो. तो वाचून मात्र काहीच लागत नाही.

हुरहूर नाव घेऊन लागत नाही, हे लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं. निसर्गाचा आनंदी कवी म्हणून शाळेत भेटणाऱ्या बालकवींची ‘उदासीनता’ ही कविता काढून बघा. आपल्याला काय बोचतंय तेच कळत नाही, एवढीच तिची तक्रार. कारण शोधायला निघालेला आणि कारण न सापडताच थांबलेला हा कवी 1918 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेखाली सापडून गेला; म्हणून त्या कवितेत कुणी त्या मरणाची चाहूल वाचतात. मला ती ओढाताण वाटते. कारण मिळालं असतं तर कविता उरली नसती.

इंदिरा संतांचं उलट. त्यांच्याजवळ कारण होतं. पती ना. मा. संत यांच्यासोबत ‘सहवास’ हा कवितासंग्रह काढला, 1946 मध्ये ते गेले, आणि 1951 मध्ये ‘शेला’ आला. तरी त्या ते कारण पुढे करत नाहीत. घरातल्या, अंगणातल्या साध्या वस्तूंवर त्या दुःख ठेवतात आणि आपण बाजूला होतात. याला धीर लागतो. नंतर भावगीतांनी सांजवेळ, पारिजातक आणि हुरहूर यांची अशी मोट बांधली की आता कवितेत हा शब्द दिसला की मी पान उलटतो. कवीने आपलं काम शब्दावर ढकललेलं असतं.

बोलताना तर हा शब्द कोण वापरतं? बायका ‘करमत नाही गं’ म्हणतात, पुरुष ‘कसंतरीच होतंय’ म्हणून चहा टाकायला सांगतात. शेजारच्या काकूंचा मुलगा सुट्टी संपवून पुण्याला परतला की त्या संध्याकाळी त्याला फोन लावतात. पोचलास का, डबा खाल्लास का, लाडू मुंग्यांपासून जप. तो विचारतो, ‘आई, काही काम होतं का?’ ‘छे रे, सहजच केला,’ म्हणतात, आणि फोन ठेवून पुन्हा लाडवांच्या डब्याचं झाकण उघडून बघतात, किती राहिले ते.