एका वळणाची निवड

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन हे 572 चौरस किलोमीटरचे बेट आहे, आणि मेअखेरीपासून जूनच्या प्रारंभापर्यंतचे सुमारे दोन आठवडे तेथील रोजच्या वहिवाटीचे रस्ते ठरावीक वेळी मोटारसायकलींच्या शर्यतीसाठी बंद होतात. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर सार्वजनिक रस्ता अशा कारणासाठी अडवण्यास कायद्याची मनाई असताना, टिनवाल्ड हे स्वतःचे विधिमंडळ असलेल्या या बेटाने 1904 मध्ये मोटारींच्या चाचण्यांसाठी वेगळा कायदा केला. त्याच मोकळिकीतून 1907 मध्ये ‘टूरिस्ट ट्रॉफी’ ही मोटारसायकलींची शर्यत सुरू झाली, जी आज ‘टीटी’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते.

ही शर्यत पाहण्याचा बेत आखू लागणाऱ्यास पहिली गोष्ट उमगते ती अशी, की ती संपूर्ण पाहता येत नाही. 1911 पासून वापरात असलेला डोंगरी मार्ग सुमारे 60.7 किलोमीटरचा असून, डग्लस या राजधानीतून निघून तो गावे, शेते आणि दगडी कुंपणे मागे टाकत रॅम्सीपर्यंत जातो आणि स्नेफेल डोंगराच्या अंगाने पुन्हा डग्लसला उतरतो. पीटर हिकमनने 2023 मध्ये ही प्रदक्षिणा 16 मिनिटे 36 सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे सरासरी वेग ताशी 219 किलोमीटरच्या वर गेला. कुंपणाशी बसलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला त्यातले दोन-चार सेकंद येतात आणि उरलेला वेळ त्याच स्वाराची वाट पाहण्यात जातो. त्यातच स्पर्धक एकदम न सुटता दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात आणि निकाल घड्याळावर ठरतो, त्यामुळे डोळ्यांसमोरून आधी गेलेला स्वार खरोखर आघाडीवर आहे की नाही, हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही; म्हणून जाणते प्रेक्षक सामानात रेडिओ ठेवतात आणि जे दिसत नाही ते समालोचनातून ऐकतात.

अशा स्थितीत बेत आखणे म्हणजे एक जागा पत्करून बाकीच्या सोडून देणे होय. ब्रे हिलवर दुतर्फा घरांमधून भरधाव उतरणाऱ्या गाड्यांनी काळजाचा ठोका चुकतो. बॅलॉ येथील उंचवट्याच्या पुलावर वेग कमी असतो, परंतु दोन्ही चाके जमीन सोडताना स्पष्ट दिसतात. क्रेग-नी-बा येथे डोंगरावरून येणारा स्वार दुरूनच नजरेत येतो. यांपैकी जे ठिकाण निवडले जाईल तेथे रस्ता बंद होण्यापूर्वी पोहोचावे लागते, आणि एकदा तो बंद झाला की मार्गाच्या आत राहिलेल्यास वाहन घेऊन बाहेर पडणे फार अवघड होते, म्हणून पाणी, शिदोरी आणि रेनकोट ही सारी तजवीज सकाळीच करावी लागते.

बोटीवरील जागा आणि निवासाची सोय यांचा विचार मात्र कित्येक महिने आधी करावा लागतो, कारण हेशम किंवा लिव्हरपूलहून येणाऱ्या बोटींवर दुचाकींची गर्दी असते आणि हॉटेले भरली की पाहुण्यांची भिस्त तंबूंवर किंवा स्थानिक कुटुंबांनी भाड्याने दिलेल्या खोल्यांवर राहते. एवढे करूनही शेवटचा शब्द हवामानाचाच असतो, कारण डोंगरावर धुके उतरले की जखमींना नेणारे हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि ते उडू शकत नसेल तर शर्यत थांबवली जाते. परतीच्या प्रवासापूर्वी एखादा दिवस मोकळा ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

ही हेलिकॉप्टरची अट शर्यतीच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधते. या मार्गावरील शर्यतींत आणि सरावांत 250 हून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत. 1972 मध्ये जिल्बेर्तो पार्लोत्ती हा स्पर्धक मृत्यू पावल्यानंतर जाकोमो आगोस्तिनी या विश्वविजेत्याने येथे पुन्हा न उतरण्याचा निश्चय केला, आणि 1976 नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपद मालिकेतील दर्जा गेला. तरीही स्पर्धक स्वेच्छेने येतच राहिले, आणि त्यांच्या या निवडीचे मोल प्रेक्षकाने कसे करावे, हा प्रश्न तिकिटाइतकाच प्रवासाच्या तयारीचा भाग आहे. 2023 पूर्वी शर्यतीच्या दोन आठवड्यांमधल्या रविवारी, ज्याला ‘मॅड संडे’ म्हणत, त्याच डोंगरी रस्त्यावर सामान्य दुचाकीस्वार आपली हौस भागवून घेत, आणि पाहणारा व धावणारा यांतील अंतर विसरले जाण्याचा धोका त्या दिवशी सर्वांत मोठा असे.

म्हणून टीटीला जाऊ इच्छिणाऱ्याने सगळे पाहण्याचा हव्यास सोडावा, एक वळण निवडावे, मनाई असलेल्या जागेपासून दूर बसावे आणि रस्ता ज्यांचा आहे त्यांच्यासाठी तो मोकळा ठेवावा. या शर्यतीत प्रेक्षकाचे कर्तव्य एवढेच आहे, आणि ते पाळणे वाटते तितके सोपे नाही.