गामलाची भिंत

४ मार्च
गोलान पठार हिरवंगार झालंय. समोर गामला: दोन्ही अंगांना खोल दऱ्या, मधे उंटाच्या वशिंडासारखी उठलेली सोंड. पूर्वेकडची अरुंद खिंड सोडली तर धड वाट नाही. दगड काळा, आपल्या सह्याद्रीतलाच बसाल्ट. घरं दक्षिण उतारावर, एकावर एक चढत गेलेली. इ.स. ६७ मध्ये व्हेस्पासियनच्या रोमन फौजेनं हे ज्यू गाव मोडलं, ते पुन्हा वसलंच नाही. १९७६ साली श्मर्या गुटमन यांनी खणायला घेतलं, तेव्हा वेढ्याच्या खुणा जागच्या जागी सापडल्या.

५ मार्च
सगळा वेळ भिंतीपाशी. लांबून सलग तट वाटतो. जवळ जाऊन पाहिलं तर पूर्वेच्या कडेची घरंच एकमेकांना जोडलेली, मधल्या फटी बुजवलेल्या, खोल्यांत दगड ठासलेले. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या, शेजारची खोलीसुद्धा भरून टाकलेली. सिनेगॉगच्या आत चारही बाजूंनी बसायच्या पायऱ्या, मधे खांब. ज्ञात सिनेगॉगांपैकी हे फार जुनं. उत्खननात यंत्रानं फेकलेले सुमारे २,००० दगडी गोळे आणि सुमारे १,६०० बाणांची टोकं मिळाली. काल-परवापर्यंत जिथं चूल पेटत होती तिथं धोंडे भरायचे, या कामाला कुणी आधी हात घातला असेल?

६ मार्च
रात्री जोसेफस वाचला, त्या काळातला ज्यू इतिहासकार. गामलाची तटबंदी आपण मजबूत केली, असं तोच सांगतो; पुढे तो रोमनांच्या हाती लागला. पहिल्या हल्ल्यात रोमन सैनिक घरांच्या छपरांवर चढले आणि छपरं त्यांच्यासकट कोसळली. नंतर एका रात्री तिघा रोमन सैनिकांनी बुरुजाच्या पायातले पाच दगड उपसले आणि बुरुज कोसळला. तो म्हणतो, ४,००० कापले गेले, ५,००० जणांनी दरीत उड्या घेतल्या.

‘उत्तरेचा मसादा’ हे बिरुद त्यावरूनच; मसादा म्हणजे तो किल्ला, जिथं वेढलेल्या ज्यूंनी सामूहिक आत्महत्या केली असं जोसेफस सांगतो. मला ते पटत नाही. आज माथ्यावरून उत्तरेचा कडा पाहिला; मागून तलवारी आल्यावर जीव घेऊन पळणारा माणूस इथून घसरणारच. काही पुरातत्त्वज्ञांचंही मत असंच आहे. शिवाय रोमनांनी तान्ही मुलं कड्यावरून फेकल्याचं जोसेफसनंच लिहिलंय. वाचल्या त्या फक्त फिलिप नावाच्या एका सेनापतीच्या दोन भाच्या, त्याही लपून राहिल्या म्हणून. या लोकांना जगायचं होतं. मरणाची हौस असलेलं गाव आपल्या खोल्या दगडांनी भरत बसत नाही.