एकटी की एकाकी?

दादा कॅनडात असतो. आईला तिकडे नेण्यासाठी त्यानं सुपर व्हिसाची तयारी सुरू केली. त्यासाठी मुलाचं निमंत्रणपत्र लागतं. ते लिहून त्यानं मला रायपूरला पाठवलं, "एकदा नजर घाल" म्हणून. मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरातली अशी कामं माझ्याकडेच येतात.

पत्रात एक वाक्य होतं : बाबा गेल्यापासून आई बालाघाटला 'लोन्ली' आहे. मला त्यात काही खटकलं नाही.

त्या शनिवारी मी बालाघाटला गेले होते. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "काय लिहिलंय त्यानं माझ्याबद्दल?" तिनं विचारलं.

"तू एकाकी आहेस, असं."

तिचा हात थांबला. "एकटी आहे गं मी. एकाकी आहे असं कोणी सांगितलं त्याला?"

मग तिनं दिवसच मोजून दाखवला. सकाळी वैनगंगेच्या घाटापर्यंत फेरी, दुपारी शेजारच्या काकूंबरोबर चहा, संध्याकाळी गल्लीतल्या दोन मुलींची गणितं. बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. त्यांची रात्रपाळी असली की आम्हा दोघांना झोपवून ती एकटीच जागी असायची. "तेव्हा नाही कोणी पत्र लिहिलं!" ती म्हणाली.

'अलोन' आणि 'लोन्ली' यांतला फरक मी दरवर्षी वर्गात शिकवते. 'अलोन' म्हणजे सोबत कोणी नसणं. ती फक्त परिस्थिती. 'लोन्ली' म्हणजे त्याचं दुःख होणं. भरल्या घरातला माणूसही 'लोन्ली' असू शकतो. 'सॉलिटरी' माणसाला पुष्कळदा एकांत आवडतो. गंमत म्हणजे 'अलोन' हा शब्द 'ऑल' आणि 'वन' मिळून झाला आहे, म्हणजे 'अगदी एक'. पुढे त्याचंच आखूड रूप 'लोन' झालं आणि त्यातून 'लोन्ली' आला. आपल्याकडेही एकटा, एकाकी, एकलकोंडा हे तिन्ही शब्द 'एक'मधूनच आले, पण तिघांचे स्वभाव किती वेगळे! हे सगळं फळ्यावर लिहिणारी मी, आईच्या बाबतीत मात्र न विचारताच मान डोलावून मोकळी झाले होते.

रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, पत्रात जरा जोर हवा ना." मी आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी नवा मसुदा आला. त्यात आई 'अलोन' राहते एवढंच होतं आणि पुढे त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, 'मला तिची फार आठवण येते.' आधीच्या वाक्यापेक्षा हे कितीतरी खरं होतं. आईला वाचून दाखवलं, तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "हे ठेव. यासाठी जाईन मी."

आता फोनवर "कशी आहेस?" विचारलं की ती म्हणते, "एकटी, पण मजेत." आम्ही हसतो.

श्रावणात मात्र तीन दिवस झड लागली. काकू मुलाकडे गेलेल्या, घाटावर जाणं बंद, त्यात वीज नाही. त्या रात्री फोनवर आई हळूच म्हणाली, "आज दादाचा पहिला शब्दच बरोबर आहे बघ."

मी सकाळची गाडी धरली आणि गोंदियामार्गे बालाघाट गाठलं. दारात मला पाहून ती रागावली, "एवढ्या पावसात कशाला आलीस?" आणि लगेच चहाचं आधण ठेवायला आत वळली.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील दूर राहतात. त्यांच्याबद्दल कोणताही शब्द वापरण्याआधी त्यांना एकदा विचारू या. आणि काही दिवसांनी पुन्हा विचारू या.